इस्त्रीवाल्या अम्मांचा परिच्छेद

दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढणं हा माझा पोटाचा धंदा आहे. नुंगंबाक्कममधल्या एका बँकेच्या विभागीय कार्यालयात मी राजभाषा अधिकारी आहे. म्हणजे इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं, बाकीच्यांनी केलेलं हिंदी तपासायचं आणि सप्टेंबरात हिंदी दिवसाला समई, हार आणि पाहुण्यांची सोय बघायची. चेन्नईत हिंदीची अधिकारी म्हणजे एकादशीच्या दिवशीचा वाढपी. कुणाला नको असतं, तरी आपण वाढत फिरायचं.

तपासण्याचं काम मात्र मी मनापासून केलं. आमच्याकडे त्याला व्हेटिंग म्हणतात. माझ्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय एकही मसुदा वर जात नाही. बावीस वर्षांत ही सवय इतकी अंगात भिनली की ऑफिसबाहेरही पेन खाली ठेवता येईना. मंडळाच्या गणपतीचं निमंत्रण, शेजाऱ्यांच्या मुंजीची पत्रिका, लिफ्टमध्ये चिकटवलेली सूचना, मला सगळीकडे हात फिरवायचा असतो. एकदा नवऱ्याने भांडणानंतर मला लांबलचक मेसेज पाठवला होता, त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारून मी तो त्यालाच परत पाठवला. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही.

पुढे दोन वर्षांनी त्याची विशाखापट्टणमला बदली झाली. मी सगळ्यांना सांगितलं की वरून आदेश आला. आदेश आला हे खरंच, पण अर्ज त्याने स्वतः केला होता. सुट्टीला यायचा, तेही हळूहळू बंद झालं. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नाही.

मुलगी तेव्हा सातवीत होती. ती पाच वर्षांची असताना आम्ही इथे आलो, त्यामुळे तिचं मराठी माझ्यापुरतं, इंग्रजी शाळेपुरतं आणि बाकी सगळं जग तमिळमध्ये. शाळेत दुसरी भाषा हिंदी. तमिळ आठवीपर्यंत तिसरी भाषा म्हणून होतं. मला तमिळ येत नाही. भाजी घेता येते, रिक्षावाल्याशी हुज्जत घालता येते, पण अक्षर एकही वाचता येत नाही. भाषेची अधिकारी असून दहा वर्षांत ही लिपी शिकावीशी वाटली नाही, याची लाज मला अलीकडे वाटायला लागली आहे. तेव्हा वाटत नव्हती.

तिच्या हिंदीच्या बाई तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. तिरुवल्लिकेणीत राहायच्या. पहिल्याच पालकसभेत त्यांनी माझ्याशी त्यांच्या मराठीत बोलायला सुरुवात केली, तमिळचा हेल आणि शब्द कुठल्या शतकातले कोण जाणे. मी घरी येऊन त्यांची नक्कल केली. मुलगी हसली नाही. म्हणाली, "त्या तुझ्याशी प्रेमाने बोलत होत्या, आई." त्याच बाईंनी पुढे मला शाळेच्या हिंदी दिवसाच्या स्पर्धेची परीक्षक केलं. तीन वर्षं मी त्या व्यासपीठावर शाल घेऊन बसले आणि पोरांच्या चुका मोजल्या.

गेल्या वर्षी मुलगी नववीत असताना निबंधाचं काम आलं. विषय 'हमारी गली'. अंतर्गत गुण होतेच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ज्यांचे निबंध उत्तम असतील त्यांना शाळेच्या वार्षिक अंकाच्या संपादक मंडळात घेणार होते. हे तिला सहावीपासून हवं होतं. कुठल्या पानावर काय असावं याची एक वहीच तिने करून ठेवली होती. तिला दुसरं काही फारसं नको असायचं, कपडे नाहीत, फोन नाही, म्हणून हे तिला किती हवं आहे ते मला चांगलं ठाऊक होतं.

निबंध टाइप करून पालकांच्या लॉगिनमधून चढवायचा होता. शेवटच्या दिवशी तिची व्हॉलीबॉलची प्रॅक्टिस होती. तिने फाइल मला पाठवली आणि सांगितलं, "फक्त अपलोड कर." मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती फाइल उघडली.

निबंध आमच्या क्वार्टर्सच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर होता. हिंदी कच्चं होतं, वाक्यांची वळणं तमिळ. तिसरा परिच्छेद इस्त्रीवाल्या अम्मांवर होता. या अम्मा फाटकाजवळच्या झाडाखाली गाडा लावतात, अजून कोळशाचीच इस्त्री वापरतात, आणि माझी मुलगी शाळेतून आली की त्यांच्या गाड्याशेजारच्या कट्ट्यावर अर्धा तास तरी बसते. तिने लिहिलं होतं की अम्मा माणसं कपड्यांवरून ओळखतात. कुणाला नोकरी लागली, कुणाचं पोट सुटलं, कुणाच्या घरी म्हातारं माणूस राहायला आलं, हे त्यांना गठ्ठा सोडला की कळतं. आणि मग हे: "दोन साल पहले हमारे गट्ठर में कमीज़ें कम हुईं। पहले छह आती थीं, फिर दो, फिर एक भी नहीं। अम्मा ने कुछ नहीं पूछा। बस उस दिन से वे मेरी माँ की साड़ियाँ ज़्यादा देर तक इस्त्री करती हैं।"

आधी मला राग आला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली याचा, अम्मांनी गठ्ठ्यातले शर्ट मोजले याचा, आणि मी दोन वर्षं सगळ्यांना जे सांगत होते ते फाटकावरच्या झाडाखाली कधीच खोटं ठरलं होतं याचा. आपल्या लेकीने किती चांगलं लिहिलंय, हे मला त्या वेळी दिसलंच नाही. तीन वर्षं परीक्षक म्हणून शाल घेणारी बाई मी.

आता ऑफिसात आम्ही परिपत्रकं एआयला घालतो आणि वरून हात फिरवतो. त्याची खिडकी समोर स्क्रीनवर उघडीच होती. मी निबंध त्यात टाकला आणि लिहिलं: भाषा शुद्ध करा, घरगुती तपशील वगळा, शालेय निबंधाला शोभेल असे करा. डब्याचं झाकण लावेपर्यंत तयार होऊन आलं. अम्मा गेल्या होत्या, शर्ट गेले होते. त्यांच्या जागी 'आधुनिक महानगर का जीवंत प्रतिबिंब' आलं होतं आणि 'श्रम की गरिमा' आली होती. मी ऑफिसच्या सवयीने वाचलं. एकही चूक नव्हती. मी ते चढवून टाकलं.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "केलंस ना अपलोड?"

"केलं. जरासं व्हेटिंग केलं."

"काय बदललंस?"

"काना-मात्रा," मी म्हणाले आणि कुकरकडे वळले.

पंधराएक दिवसांनी शाळेतून फोन आला. उपप्राचार्यांच्या खोलीत गेले तर मुलगी आधीच उभी होती, हिंदीच्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. उपप्राचार्य सभ्य गृहस्थ. मला खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि मग इंग्रजीत म्हणाले की मॅडम, आम्हालाच संकोच वाटतो, पण तुमच्या मुलीचा निबंध यंत्राने लिहिलेला दिसतो. सॉफ्टवेअरने पानभर लाल खुणा केल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "नाही सर. मी लिहिलाय. माझ्याकडे वही आहे, कच्चं लिहिलेलं सगळं आहे." ती घाबरलेली नव्हती. खरं बोलणारं माणूस जितपत चिडतं तितपत चिडलेली होती.

बाई तिला तमिळमध्ये काहीतरी समजावून बोलल्या आणि मग माझ्याकडे वळून त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "मला सॉफ्टवेअराचें काय कळत नाहीं हो. लेंकरूं वर्गांत मला इस्त्रीवालीचें सांगितलें होतें. मी म्हटलें, तेंच लिही कण्णा, माझ्या बाळा. आतां ह्यांत ती इस्त्रीवाली कुठें गेली म्हणून विचारतें, तेवढेंच."

आणि त्यांनी छापील कागद मुलीच्या हातात दिला.

तिने तो पहिल्यांदाच पाहिला. पहिलं पान वाचलं, उलटलं, परत पहिल्या पानावर आली. तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी तिचं बोट थांबलं. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं शाळेचं वेळापत्रक वाचत होते. मंगळवारी दुसरा तास शारीरिक शिक्षण, तिसरा गणित. मला ते अजून पाठ आहे.

मला बोलायचं होतं असं मी आता म्हणू शकते, पण ते खरं नाही. मी हिशेब करत होते. उपप्राचार्य काय म्हणतील, ऑफिसात कळलं तर काय, पुढच्या सप्टेंबरात मला कोण बोलावेल. आणि मी केलं असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, का केलंत. मग शर्ट आले असते, विशाखापट्टणम आलं असतं. या सगळ्यात माझी मुलगी माझ्यापासून चार फुटांवर उभी होती आणि मी मूग गिळून बसले होते.

"येस सर," ती म्हणाली. "मीच केलं. सॉरी."

उपप्राचार्यांनी सुस्कारा टाकला. माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्यासारख्या भाषेच्या जाणकार व्यक्तीला किती वाईट वाटत असेल, मी समजू शकतो.

आणि मी म्हणाले, "घरी गेल्यावर मी बोलते तिच्याशी."

माझ्या आयुष्यात मी बरीच खोटी वाक्यं लिहिली आहेत, सरकारी भाषेत ती लिहावीच लागतात. पण याइतकं घाणेरडं वाक्य माझ्या तोंडून दुसरं निघालेलं नाही.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. सिग्नलला मी म्हणाले, "तू का कबूल केलंस?"

"तू बोलणार नव्हतीस," ती म्हणाली. "कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. बाई थांबल्या होत्या." मग सिग्नल सुटल्यावर, "बाबांचे शर्ट होते म्हणून काढलंस ना?" मी रिक्षाचं मीटर बघितलं. तिला उत्तर नकोही होतं.

निबंधाला शून्य मिळालं. संपादक मंडळाच्या यादीतून नाव गेलं. शिवाय हिंदीत माफीपत्र, पालकांच्या सहीसह. ते तिने जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "मैंने जो किया उसके लिए मैं शर्मिंदा हूँ" असं तिने लिहिलं होतं. खाली एका शब्दाची वेलांटी चुकली होती. सांगायला लाज वाटते, पण माझं पेन त्या वेलांटीकडे गेलं.

"त्यात काही सुधारू नकोस," ती म्हणाली. "सही कर फक्त."

मी सही केली.

त्यानंतरचे महिने बाहेरून नेहमीसारखे होते. वर्गातल्या मुली तिला काही दिवस 'बॉट' म्हणायच्या, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नीट बोलायची, डबा न्यायची, मीठ मागायची. फक्त मला काही वाचायला द्यायची बंद झाली. आधी ती फ्रिजवर लावायची चिठ्ठीसुद्धा मला दाखवायची, आणि मी त्यातही चूक काढायची. ते थांबलं तेव्हा लक्षात आलं की रोज ती मला काही ना काही दाखवत होती.

आणि मी? मी रोज सकाळी ठरवायचे की आज शाळेत फोन करायचा. ऑफिसात जाऊन परिपत्रकं तपासायचे. संध्याकाळी ठरवायचे की आता विषय थंड झालाय, उगाच उकरायला नको, तिलाच पुन्हा त्रास होईल. तिच्या भल्याचं कारण पुढे केलं की मला रात्री झोप यायची.

पोंगलनंतर वार्षिक अंक निघाला. तिने तो दप्तरातून काढून टेबलावर ठेवला, मुद्दाम नव्हे, वह्यांबरोबर. मी उघडला. विद्यार्थी संपादकांच्या नावांचं पान होतं. मी ती नावं दोनदा वाचली, तिचं नाव चुकून राहिलं असेल असं शोधल्यासारखी. त्या रविवारी मी तिरुवल्लिकेणीला गेले.

बाईंचं घर एका अरुंद गल्लीत होतं, समोर एकटे राहणाऱ्या पुरुषांचं मॅन्शन, म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत, तिच्या गच्चीवर ओळीने वाळत घातलेले शर्ट. मी तेवढेच बघत जिना चढले. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. निबंध मी बदलला, मुलीला माहीत नव्हतं, परिच्छेद का काढला तेही सांगितलं.

बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला त्याच दिवशीं समजलें हो."

"कसं?"

"लेंकरूं तुमच्याकडे पाहिलें. तुम्ही मेजाकडे पाहिलेत."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. माझा सूर चढला होता, जशी चूक त्यांचीच.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलें. आई नव्हे कां तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी बोललें असतें तर तें माझें झालें असतें." मग म्हणाल्या, "मी पण चुकलेंच. इतकें थांबायचें नव्हतें. चार महिने लेंकरूं एकटें राहिलें."

ज्या मराठीची मी नक्कल केली होती त्या मराठीत हे ऐकलं. त्यांनी मला कॉफी दिली आणि मी ती प्यायले, कारण नाही म्हणण्याइतकंही तोंड मला उरलं नव्हतं.

सोमवारी उपप्राचार्यांकडे गेले. हाताने लिहून नेलं होतं, दीड पान. त्यांनी वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. गुण परत देऊ, म्हणाले. माफीपत्र काढून टाकू. अंक तर आता निघून गेला. वर्गात वगैरे सांगायची गरज नाही, मॅडम, तुम्ही आमच्या परीक्षक आहात, हे आपल्यातच राहू द्या. तिथे मला म्हणायला हवं होतं की नाही, वर्गात सांगा, माझं नाव घेऊन सांगा. मी "बरं" म्हणाले. दुसऱ्यांदा त्याच खुर्चीत, त्याच काचेसमोर.

घरी येऊन मुलीला सांगितलं की मी शाळेत सगळं खरं सांगून आले. ती वही भरत होती. तिने विचारलं, "आज?"

"हो."

"आणि वर्गात?"

मी पर्स खुंटीला अडकवली. तिने मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागली. मी तिच्या मागे उभी होते आणि तेव्हा मला दिसलं की ती तमिळमध्ये लिहीत होती. पानंच्या पानं, गोलगोल अक्षरं, खाडाखोड, समासात बाण. माझ्यापासून लपवायला तिने हातही आडवा घातला नाही. घालायची गरज नव्हती. ती वही त्यानंतर टेबलावर, सोफ्यावर, कुठेही उघडी पडलेली असते. पूर्वी ती मला दाखवून लिहायची, आता माझ्यासमोर लिहिते, आणि मला तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. चूक काढणं तर लांबच.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून येताना फाटकाजवळ ती अम्मांच्या गाड्याशेजारी कट्ट्यावर बसलेली दिसली. मांडीवर ती वही. वाचून दाखवत होती. अम्मांनी इस्त्री उभी करून ठेवली होती, हात पदराला पुसले होते आणि कान देऊन ऐकत होत्या. मधेच हसल्या, काहीतरी दुरुस्त केलं. मुलगीही हसली आणि लगेच तिथेच पेनने बदल केला.

मी पलीकडे पार्क केलेल्या गाडीआड थांबले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण इतकी वर्षं गठ्ठे मोजून देताना कपड्यांची तमिळ नावं तेवढी मला आली आहेत. तिने एक वाक्य वाचलं आणि त्यात 'सट्टै' आलं. शर्ट. मग पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा अम्मा हसल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

तो परिच्छेद होता. तिने तो परत लिहिला होता, माझ्या हाताबाहेरच्या भाषेत. त्या दिवशी इस्त्रीला द्यायला माझ्या पिशवीत दोन साड्या आणि तिचा युनिफॉर्म होता. ते वाचून होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि मग कपडे न देताच दुसऱ्या फाटकाने घरी गेले.